वेगवेगळ्या माणसांची गाणी एका अल्बमच्या कथेत कशी गुंफायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अकरा गाण्यांचा अल्बम आहे. एका रात्री नदीवरचा पूल कोसळतो आणि प्रत्येक गाणं त्या रात्रीशी संबंध आलेल्या वेगळ्या माणसाचं आहे. पुलाचा इंजिनिअर, टोलनाक्यावरची मुलगी, पुलावरचं भाडं नाकारणारा टॅक्सीवाला, नवऱ्याला फोन लावत बसलेली बाई, गाडीतला तो नवरा, शेवटी चौकशी करणारा अधिकारी वगैरे. डेमो ज्यांना ऐकवला त्यांना गाणी आवडली, पण ही सगळी एकाच गोष्टीतली माणसं आहेत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. म्हणून मधेमधे निवेदन टाकावं का, पात्रांना नावं द्यावीत का, गायक वेगवेगळे घ्यावेत का आणि गाण्यांचा क्रम घटनांच्या क्रमानेच लावावा का, असं तुम्ही विचारलंय.

निवेदन टाकू नका. निदान इतक्यात तरी नको.

मी बरीच वर्षं अल्बमचं संयोजन आणि निर्मिती करतोय. कथा सांगणारा अल्बम घेऊन येणाऱ्या बहुतेक बँडचं दुखणं एकच असतं: गाण्यांकडून नको ते काम करून घेतलेलं असतं. तुम्ही पाठवलेल्यातला इंजिनिअरच्या गाण्याचा दुसरा अंतरा बघा. कंत्राट कधी मिळालं, सळ्या कुणी बदलल्या, सही कुणी केली, सगळं त्यात आहे. कागदावर वाचायला चांगलंय. पण ऐकताना त्यातलं काही डोक्यात राहत नाही, कारण चाल थांबत नाही आणि पहिल्या ऐकण्यात माणूस निम्मेच शब्द पकडतो. घटनाक्रम सांगायला गाणं हे फार कच्चं साधन आहे. एका माणसाला एका क्षणी धरून ठेवायला मात्र त्याच्याइतकं पक्कं साधन दुसरं नाही. तेव्हा गाण्यात माणूस ठेवायचा आणि घटना ठेवायची दोन गाण्यांच्या मधे. ती जुळवण्याचं काम ऐकणाऱ्याचं. तुमचं काम त्याला पुरेसे धागे देण्याचं, आणि तुम्ही ते दिलेले नाहीत.

हा प्रकार रॉकच्या आधीपासूनचा आहे. ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टने 1827 मध्ये विल्हेल्म म्युलरच्या कवितांना चाली लावून ‘विंटररायझ’ ही 24 गाण्यांची मालिका केली. पहिल्याच गाण्यात कळतं, की मुलगी प्रेमाचं बोलली होती, तिची आई तर लग्नापर्यंत पोचली होती आणि आता हा माणूस रात्रीचा तिच्या दारावरून निघून चाललाय. मधे नेमकं काय बिनसलं ते पुढच्या 23 गाण्यांत कुणी नीट सांगत नाही. तिचं नावसुद्धा येत नाही. तरी आपण शेवटपर्यंत त्याच्याबरोबर बर्फातून चालत राहतो.

रॉकवाल्यांना सुरुवातीला हा भरवसा नव्हता. ‘द प्रिटी थिंग्ज’ने 1968 च्या डिसेंबरात ‘एस. एफ. सॉरो’ काढला. एका माणसाची जन्मापासून म्हातारपणापर्यंतची गोष्ट. ती कळावी म्हणून कव्हरवर गाण्यांच्या शब्दांच्या मधेमधे गद्यात कथा छापली. ‘जेनेसिस’च्या 1974 च्या ‘द लॅम्ब लाइज डाउन ऑन ब्रॉडवे’मध्येही त्यांचा गायक पीटर गेब्रिएल याने लिहिलेली लांबलचक गोष्ट कव्हरच्या आत होती. लोक कव्हर मांडीवर घेऊन ऐकायचे तोवर हे चाललं. आता ऐकणाऱ्याच्या समोर अंगठ्याएवढं चित्र असतं आणि बहुतेकदा तेही खिशात. त्यामुळे जे काही सांगायचं ते कानातूनच.

‘द हू’च्या 1969 च्या ‘टॉमी’चं उदाहरण मला या बाबतीत फार बोलकं वाटतं. युद्धात मेला असं समजलेला बाप परत येतो, बायकोच्या प्रियकराचा खून होतो, लहानगा टॉमी ते आरशात बघतो. आईबाप त्याला बजावतात, की तू काही पाहिलं नाहीस, काही ऐकलं नाहीस, कुणाला काही सांगायचं नाही. मुलगा आंधळा, बहिरा, मुका होतो. आता अल्बमच्या शब्दांतून खून कुणी कुणाचा केला हे धड कळतच नाही. 1975 मध्ये केन रसेलने त्यावर चित्रपट काढला तेव्हा खून सरळ उलटा करून टाकला: त्यात प्रियकर बापाला मारतो. गोष्ट तरी उभी राहिली! कारण त्या प्रसंगाचा जीव खुनात नाहीच, तो त्या बजावण्यात आहे. पोराच्या कानावर आदळणाऱ्या त्या सूचना एकदा ऐकल्या की पुढचे सगळे प्रसंग त्यांच्यावर तोललेले राहतात. तुमच्या पुलाच्या बाबतीत असं बजावणं कुठलं, ते शोधा. माझ्या मते ते इंजिनिअरच्या गाण्यात आहे, पण सळ्यांच्या हिशोबाखाली दबलंय.

आता धाग्यांकडे येतो. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण तुमचा अल्बम इथेच अडलाय आणि इथेच सुटेल.

‘पिंक फ्लॉइड’च्या ‘द वॉल’मध्ये (1979) नायकाचा संसार मोडल्याचं आपल्याला कळतं तो प्रसंग कुणी गायलेलाच नाही. ‘यंग लस्ट’ हे गाणं संपता संपता टेलिफोनचे आवाज सुरू होतात. अमेरिकेतली ऑपरेटर घरी कॉल जोडते, पलीकडे पुरुषाचा आवाज येतो आणि फोन ठेवला जातो. ती पुन्हा लावते. पुन्हा तोच पुरुष, पुन्हा फोन बंद. ती गोंधळून सांगते की कुणीतरी पुरुष उचलतोय. बस्स. ती ऑपरेटर खरीखुरी होती आणि हे रेकॉर्डिंगसाठी चाललंय याची तिला कल्पना नव्हती, म्हणून तिच्या आवाजातला गोंधळ इतका अस्सल आहे. अर्ध्याएक मिनिटात जे झालं ते तीन अंतऱ्यांत झालं नसतं. मुख्य म्हणजे नायक तिथे एक शब्द बोलत नाही.

तुमच्याकडेही फोन आहे, आणि तुम्ही तो वाया घालवलाय. चौथ्या गाण्यात बाई फोन लावते, आठव्या गाण्यात नवरा गाडीत आहे. बाईच्या गाण्यात ‘तू उचलत नाहीस’ ही ओळ चार वेळा येते. ती एकदाच ठेवा. पहिल्या अंतऱ्यानंतर प्रत्यक्ष रिंग जाऊ द्या, कानाला लावलेल्या फोनमधून येते तशी: 300 हर्ट्झच्या खालचं आणि 3400 च्या वरचं कापून टाकलं की तो टेलिफोनी आवाज मिळतो. दोन रिंग पूर्ण जातात, तिसरी अर्ध्यात तुटते. गाणं पुढे चालू. आठव्या गाण्यात तोच फोन वाजतो, पण आता गाडीच्या आत, शेजारच्या सीटवर, रिंगटोनचा पूर्ण, भरलेला आवाज, त्याच्या कंपनासकट. दोनदा वाजतो, तिसऱ्यांदा अर्ध्यात तुटतो. का तुटला हे कुणीही गायचं नाही.

यात टेंपोची एक गंमत आहे. दोन सेकंद रिंग आणि चार सेकंद शांतता असं सहा सेकंदांचं आवर्तन धरा. बाईचं गाणं तुम्ही 80 च्या टेंपोला, म्हणजे मिनिटाला 80 मात्रांना, बसवलंय, तिथे सहा सेकंद म्हणजे बरोबर आठ मात्रा. रिंग गाण्याच्या ठेक्यात चपखल बसते, जणू तालवाद्यच. नवऱ्याचं गाणं 92 चं आहे. तिथे तेच सहा सेकंद नऊ मात्रा ओलांडून जरा पुढे जातात, म्हणजे दुसरी रिंग भलत्याच जागी पडते. संयोजकाचा हात लगेच शिवशिवेल ती ओढून ठेक्यात बसवायला. बसवू नका. बाईची सगळी रात्र त्या रिंगभोवती फिरतेय, म्हणून तिच्या गाण्यात ती तालात आहे. नवऱ्याच्या डोक्यात दुसरंच काही चाललंय, म्हणून त्याच्या गाण्यात ती बाहेरून घुसते. शब्द न वापरता दोघांमधलं अंतर सांगून होतं. चौथं गाणं ऐकताना हे कुणाला कळणार नाही. आठव्यात कळेल, आणि कळलेला माणूस पुन्हा चौथ्याकडे जाईल. असा एक जरी माणूस मागे फिरला तरी अल्बमची वीण पक्की झाली असं मी समजतो.

दुसरा धागा सुरांचा. प्रत्येक पात्राला आपली धून द्यायची ही कल्पना तुमच्या ड्रमरला सुचलीय म्हणता. अकरा पात्रांच्या अकरा धुना कुणी लक्षात ठेवत नाही, ती ऑपेरावाल्यांची चैन आहे आणि त्यांच्याकडे तीन-चार तास असतात. धून एकच घ्या, ती पुलाची. तीन सुरांची पुरे. समजा सी, ई-फ्लॅट आणि जी. खाली सी मायनर वाजत असेल तर हे सूर म्हणजे त्या कॉर्डचाच सांगाडा, उदास आणि बंद. तेच तीन सूर तसेच ठेवून खालचा बेस ए-फ्लॅटवर न्या. आता ते ए-फ्लॅट मेजरचे तिसरा, पाचवा आणि सातवा सूर झाले, एकदम उबदार, थोडे हळवे. चाल बदलली नाही, तिच्याखालची जमीन बदलली. इंजिनिअर तरुण होता आणि पूल उभा राहत होता त्या कडव्यात ही ए-फ्लॅटवाली मांडणी वापरा, अधिकाऱ्याच्या गाण्यात सी मायनरवाली. वाद्य मात्र दोन्हीकडे एकच ठेवा. नवख्या कानाला आधी वाद्याचा पोत ओळखू येतो, सूर नंतर. धून व्हायोलिनवरून गिटारवर, गिटारवरून कोरसवर नेली की संयोजकाला फार हुशारी केल्यासारखं वाटतं आणि ऐकणाऱ्याच्या हातून धागा सुटतो.

बीथोव्हेनने 1816 मध्ये ‘आन दी फेर्ने गेलिब्टे’ या सहा गाण्यांच्या मालिकेत शेवटच्या गाण्यात पहिल्याची चाल परत आणली, आणि गाण्यांच्या मधे पियानो थांबूच दिला नाही. अमेरिकन कंट्री गायक विली नेल्सनने 1975 च्या ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’मध्ये याहून साधं केलं: सुरुवातीच्या गाण्याचा छोटासा तुकडा पुढे पुन्हा येतो, आणि दर वेळी कथेचा नायक असलेल्या धर्मोपदेशकाच्या हातून आणखी काहीतरी घडून गेलेलं असतं. त्या अल्बममध्ये वाद्यं इतकी मोजकी आहेत की रेकॉर्ड कंपनीच्या लोकांना तो आधी डेमोच वाटला होता. तुमच्या रफ मिक्समध्ये मला एका वेळी तीन गिटार ऐकू आल्या. असो, तो वेगळा विषय.

तिसरा धागा वस्तूचा, आणि इथेच नावांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. नावं देऊ नका. गाण्यात आलेलं नाव ऐकणारा प्रेयसीचं किंवा कवीच्या ओळखीच्या कुणाचं तरी समजतो आणि सोडून देतो. त्याऐवजी नजरेला दिसेल अशी एकच गोष्ट तीन माणसांच्या तोंडी ठेवा. टॅक्सीवाल्याच्या गाण्यात तुमच्याकडे एक झकास ओळ आहेच, की डावा हेडलाइट गेलाय म्हणून त्याने पुलापलीकडचं भाडं नाकारलं. मग टोलनाक्यावरच्या मुलीला एका दिव्याची गाडी परत फिरताना दिसू दे. आणि गाडीतल्या नवऱ्याच्या गाण्यात, आपल्याला आधी नाही म्हणून गेलेल्या टॅक्सीचा तो एकच दिवा येऊ दे. म्हणजे तो नवराच ते नाकारलेलं भाडं होता आणि मग स्वतःची गाडी काढून निघाला. तुमच्या मूळ कथेत ही दोन माणसं एकमेकांना भेटतच नाहीत. भेटवा. मात्र हा दिवा शब्दांच्या गर्दीत ठेवू नका, ओळीच्या शेवटी ठेवा, जिथे गायक सूर लांबवतो आणि मागची वाद्यं जरा मोकळी होतात. भरलेल्या अंतऱ्याच्या मधल्या ओळीत ठेवलेला दुवा म्हणजे न ठेवलेलाच.

निवेदनाबद्दल पुन्हा. हे सगळं करूनही काही निसटतंय असं वाटलं तर बोलका आवाज घ्या, पण तो त्या जगातला हवा: वाहतुकीच्या बातम्या, वायरलेसवरची खरखर, फोनवर ठेवलेला निरोप. अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारच्या 2012 च्या ‘गुड किड, मॅड सिटी’मध्ये आईबापांचे व्हॉइसमेल येतात. गाडी परत आण म्हणून आई कुरकुरते, बाप मधेच आपलंच काहीतरी बरळतो, आणि त्या कुरकुरीतून आपल्याला कळत जातं की पोरगा अजून घरी आलेला नाही. ती माणसं आपल्याला गोष्ट सांगत नाहीत, त्यांना त्यांची गाडी परत हवीय. निवेदक मात्र आपल्याकडे तोंड करून बोलतो आणि संपतो तिथेच.

त्याच अल्बममधलं ‘सिंग अबाउट मी, आय अ‍ॅम डाइंग ऑफ थर्स्ट’ हे गाणं तुम्ही दोघांनी, म्हणजे गीतकाराने आणि संयोजकाने, एकत्र बसून ऐका. गुंतलेल्या कथा कशा मांडायच्या याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही. पहिलं कडवं मारल्या गेलेल्या मित्राच्या भावाचं. तो म्हणतो, तुझा अल्बम येण्याआधी मीच गेलो तर... आणि वाक्य पुरं व्हायच्या आत गोळ्यांचे आवाज. दुसरं कडवं एका मुलीचं. तिच्या बहिणीची गोष्ट लमारने आदल्या वर्षीच्या ‘सेक्शन एटी’मध्ये गायली होती, आणि ही जाब विचारते, की तिचं आयुष्य चव्हाट्यावर मांडणारा तू कोण? मी विरून जाणार नाही असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहते आणि तिचा आवाज मिक्समध्ये हळूहळू विरत जातो. ती बोलतेच आहे, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. तिसरं कडवं लमारचं स्वतःचं. तिन्ही कडवी एकाच माणसाने म्हटलीत, ठेका तोच, तरी बोलणारा कोण याचा घोळ होत नाही. एका माणसाचा शेवट आवाज तुटून होतो, दुसरीचा आवाज विरून. घटना फेडरने सांगितलीय, म्हणजे अक्षरशः मिक्सरच्या पट्टीने.

यातून गायकांच्या प्रश्नाकडे. वेगवेगळे गायक घेतले की पात्रं वेगळी कळतात, हे खरं आहे. नेदरलँड्सच्या ‘एरियन’च्या 2004 च्या ‘द ह्यूमन इक्वेशन’मध्ये कोमातल्या माणसाच्या डोक्यातले राग, भीती, अभिमान असे गुण वेगवेगळ्या गायकांना वाटून दिलेत आणि 20 गाणी म्हणजे कोमाचे 20 दिवस. तिथे ती गरज होती, कारण एकाच गाण्यात पाच-सहा जण भांडतात. तुमच्याकडे एका गाण्यात एकच माणूस आहे.

आणि आपल्याला तर हे घरच्या उदाहरणावरून ठाऊक असायला हवं. गदिमांचं ‘गीतरामायण’ 1955–56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक असं आलं, 56 गाणी, आणि तेव्हा पात्रांनुसार लता मंगेशकर, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे वेगवेगळे आवाज होते. पुढे बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, एकटेच बसून ते गाऊ लागले. दशरथ, कौसल्या, शूर्पणखा, लक्ष्मण सगळे एकाच गळ्यातून. कुणाचाही गोंधळ झाला नाही. एक कारण उघड आहे, गोष्ट आधीच माहीत होती. पण दुसरं कारण तुमच्या कामाचं आहे: प्रत्येक गाण्याच्या पहिल्या एक-दोन ओळींतच बोलणारा कोण आणि कुणाशी बोलतोय हे ठरून जातं. समोर कुणीतरी आहे. तुमच्या अकरापैकी सहा गाण्यांत माणूस हवेतच बोलतोय. इंजिनिअर बायकोशी बोलतोय की न्यायाधीशाशी की स्वतःशी, हे ठरवा आणि पहिल्या ओळीत ते संबोधन येऊ द्या. ते झालं की गायक एकच ठेवलात तरी चालेल. मी तर एकच ठेवीन, फक्त माइकपासूनचं अंतर बदलेन. टोलनाक्यावरची मुलगी काचेच्या खोक्यात आहे, तिचा आवाज लहान बंद खोलीतला हवा. अधिकाऱ्याचा मोठ्या रिकाम्या दालनातला.

‘गीतरामायणा’तली आणखी एक गोष्ट क्रमाच्या प्रश्नाला लागू पडते. पहिल्या गाण्यात कुश-लव रामासमोर रामायण गातायत. शेवटच्या, छप्पन्नाव्या गाण्यात वाल्मीकी त्याच पोरांना ते गायला पाठवतोय. म्हणजे शेवट जिथे होतो तिथून पहिलं गाणं सुरू होतं. ‘द वॉल’ही असाच जोडलाय: शेवटी एक वाक्य अर्ध्यात तुटतं आणि त्याचा उरलेला तुकडा अल्बमच्या अगदी सुरुवातीला, त्याच चालीवर, ऐकू येतो. दोन्ही करणाऱ्यांना एकमेकांची खबर असायचं कारण नाही. गोष्ट कोण सांगतंय हाच गोष्टीचा भाग झाला की असं वर्तुळ आपोआप सुचतं. तुमचा चौकशी अधिकारी शेवटी येतो आणि सगळ्यांचे जबाब वाचतो. त्याला शेवटी ठेवलंत तर तो निकाल देणारा माणूस होतो, आणि ते गाणं आत्ता तसंच कंटाळवाणं झालंय. त्याला पहिला आणा. त्याच्या टेबलावर जबाबांचा गठ्ठा आहे, तो पहिला कागद उचलतो, आणि दुसऱ्या गाण्यापासून जबाब सुरू. मग क्रम घटनांचा न राहता त्याच्या गठ्ठ्याचा होतो आणि तुम्ही मोकळे सुटता.

घटनांच्या क्रमाने लावायचं नाही याचं साधं कारण: पूल पडणार हे अल्बमच्या वर्णनातच कळतं, तेव्हा ‘पुढे काय’ याला धार नाही. धार आहे ती ‘हा माणूस त्या वेळी कुठे होता’ याला. ‘गुड किड’चं पहिलं गाणं अशा ठिकाणी तुटतं की पुढचं काय झालं ते बऱ्याच गाण्यांनंतर कळतं. ‘द स्ट्रीट्स’चा 2004 चा ‘अ ग्रँड डोंट कम फॉर फ्री’ उलट सरळ क्रमाने जातो. हरवलेल्या हजार पौंडांची गोष्ट आहे ती. पण शेवटच्या गाण्यात शेवट एकदा कडवट होतो, मग टेप उलटी फिरल्याचा आवाज येतो आणि तोच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने घडतो: मित्राची मदत घेतली जाते, बिघडलेला टीव्ही उघडला जातो आणि पैसे तिथेच मागे पडलेले सापडतात. लमारचा 2017 चा ‘डॅम’ तर उलट्या क्रमाने ऐकला तरी अर्थ लागतो, आणि त्याच वर्षी तशी उलट्या क्रमाची आवृत्तीही निघाली. इतक्या करामती तुम्ही करू नका. फक्त क्रम शेवटपर्यंत कच्चा ठेवा. ‘द वॉल’मध्ये ‘हे यू’ या गाण्याची जागा इतक्या उशिरा बदलली, की कव्हरवर गाण्याचे शब्द जुन्याच जागी छापून आले.

पूल पडण्याचा आवाज कृपा करून काढून टाका. साउंड लायब्ररीतलं ते काँक्रीट मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय आणि ते नेहमी फर्निचर पडल्यासारखं वाटतं. टोलनाक्यावरच्या मुलीच्या गाण्यात तिच्या खोक्याची काच थरथरू दे, तेवढंच.

तांत्रिक बाजू झटपट. गाणी एकमेकांत मिसळणार असतील तर मास्टर, म्हणजे अंतिम ध्वनिमुद्रण, एकसलग करून घ्या आणि मग तुकडे पाडा. सीडीही काढताय, तर तिथे तुकडा सेकंदाच्या 75 व्या भागावरच, म्हणजे दर 588 सॅम्पलला (डिजिटल आवाजाच्या नमुन्यांना) पाडता येतो. एमपी-थ्री करताना फाइलच्या दोन्ही टोकांना बारीकशी शांतता चिकटते, त्यामुळे सलग वाजणाऱ्या जोडावर खट्‌ ऐकू येऊ शकतं. चौथं गाणं हळू आवाजाचं आहे म्हणून घाबरू नका. स्पॉटिफाय अल्बम सलग वाजवताना सगळ्या गाण्यांचा आवाज मिळून एकदाच जुळवतं, म्हणजे हळू गाणं हळूच राहतं. प्लेलिस्टमध्ये मात्र प्रत्येक गाण्याची पातळी स्वतंत्र सारखी केली जाते. आणि अ‍ॅडेलने मागणी केल्यावर 2021 च्या नोव्हेंबरपासून तिथे अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण गाणी उलटसुलट वाजवत नाही, दिलेल्या क्रमानेच वाजवतं. लोक तरी गाणी सुटी ऐकणारच. फोनचा तो धागा सुटं गाणं ऐकणाऱ्याला खटकणार नाही, त्याला ती फक्त रिंग वाटेल. प्रत्येक दुवा या कसोटीवर घासून बघा: माहीत नसलेल्याला अडखळायला होता कामा नये.

शेवटचा प्रश्न, आधी कुठलं गाणं प्रसिद्ध करायचं. तुम्हाला इंजिनिअरचं करायचंय, कारण कथेचा गाभा तिथे आहे. मी टॅक्सीवाल्याचं करेन. ‘टॉमी’तलं सगळ्यात गाजलेलं ‘पिनबॉल विझार्ड’ हे मूळ आराखड्यात नव्हतंच. एका समीक्षकाला पिनबॉल आवडतो हे ठाऊक असल्याने ‘द हू’चा गिटारवादक पीट टाउनशेंड याने ते मागाहून लिहिलं आणि मार्च 1969 मध्ये, अल्बमच्या आधी, ते एकटं बाहेर आलं. ते टॉमीने गायलेलं नाही. त्याच्याकडून हरलेल्या जुन्या अजिंक्यवीराचं आहे ते, हा आंधळा पोरगा खेळतो तरी कसा म्हणून चक्रावलेल्या माणसाचं. अल्बम न ऐकलेल्यालाही तो माणूस लगेच कळतो. तुमच्या टॅक्सीवाल्याचं तसंच आहे: एक दिवा बंद, भाडं नाकारलं, घरी जाऊन झोपला, सकाळी उठून चहा ठेवला आणि रेडिओ लावला. पूल पडल्याचा उल्लेख त्यात फक्त शेवटच्या ओळीत आहे. तुमचा गिटारवादक तो पहिल्या कडव्यात आणायला सांगतोय, त्याचं ऐकू नका.